पाऊस पडतो त्या गावाला : मांडवगण फराट्याहून भाजे-कार्ले

मांडवगण फराट्याला पाऊस पडतो असे म्हणण्यापेक्षा पाऊस येतो असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. आमच्या शिरूर-दौंडच्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस जेमतेम वीस-बावीस इंच. जून कोरडा गेला तर कोणाला नवल वाटत नाही. जुलैत भुरभुर असते आणि खरा पाऊस झालाच तर तो परतीचा, सप्टेंबरात. पण आषाढ-श्रावणात डोक्यावर ऊन असताना एखाद्या सकाळी भीमा गढूळ होऊन फुगू लागते आणि गावात हाक उठते, "मोटारी वर घ्या रे, पाणी सोडलंय!" मग नदीकाठचे शेतकरी आणि त्यांच्याकडे कामाला जाणारी आपली माणसे धावत सुटतात, दोर लावून विजेच्या मोटारी काठावर ओढतात. पाऊस कुठे तरी लांब पडलेला असतो, त्याचे पाणी आमच्या दारात येते.

हे 'कुठे तरी लांब' म्हणजे नेमके कुठे, हे आमच्यातील पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. आपली कुटुंबे प्रवास करीत नाहीत असे नाही. १ जानेवारीला आम्ही कोरेगाव भीमाला जातो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जातो, ज्यांना जमते ते धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर गाठतात. हे जाणे ऋण फेडण्याचे आहे आणि ते झालेच पाहिजे. पण नुसते डोळे निववायला, लेकराबाळांना हिरवा डोंगर दाखवायला घराबाहेर पडणे म्हणजे मोटारवाल्यांचे काम, असे आपण धरून चाललो आहोत. खुरपणीला जाणाऱ्या बाईला कोणी विचारीत नाही की बाई, तू कधी घाट पाहिलास का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील सहा कुटुंबे, लहानथोर मिळून एकवीस जण, एका रविवारी मावळात भाजे आणि कार्ले येथील लेणी पाहून आलो. त्या सहलीची हकीकत आणि तिच्यातून जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

सहल ठरताना

वर्षावासात आमच्या विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. एके दिवशी वाचन संपल्यावर हा विषय निघाला. तरुण मुलांचे म्हणणे पडले की जायचेच तर लोणावळ्याला भुशी डॅमवर जाऊ, सगळे जग तिथे जाते. त्यांनी मोबाईलवरील चित्रेही दाखविली. बायका गप्प बसल्या. मग एक वहिनी बोलल्या, "भाऊसाहेब, पोरी न्यायच्या म्हंजी जिवाला घोर. तिथंच माणसं वाहून गेली ना?"

वहिनींची भीती खोटी नव्हती. ३० जून २०२४ रोजी, रविवारीच, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याहून सहलीला आलेल्या एका कुटुंबातील पाच जण सर्वांच्या डोळ्यांदेखत वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तळेगाव दाभाडेजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. तोही रविवारच होता. गरिबाला सुट्टी एकच, त्यामुळे अशा ठिकाणी रविवारी जाणाऱ्यांत आपल्यासारखीच घरे अधिक असतात.

दुसरी अडचण पैशाची. आम्ही नोकरदार, आम्हाला रविवार मोकळा. पण रोजाने जाणाऱ्या बाईला रविवार नाही. शेतात तण वाढलेले असते तेव्हाच तिला काम असते. एक दिवस फिरायला जाणे म्हणजे एक रोज बुडविणे. रांजणगावच्या कारखान्यांत कंत्राटावर असलेल्या दोघा मुलांची गोष्ट तीच. म्हणून आम्ही बेत असा केला की खर्च फक्त प्रवासाचा करायचा, जेवण घरून न्यायचे, आणि ज्याचा रोज बुडतो त्याच्या मुलांचे तिकीट इतरांनी काढायचे. धबधबा की लेणी हा वाद आमच्या आत्याने मिटविला. सत्तरीच्या घरातील ही बाई. ती म्हणाली, "वाचनात रोज ऐकतो का भिख्खू पावसाळ्यात एका जागी ऱ्हायचे. कुठं ऱ्हायचे ते तर बघू." लेणी ठरली आणि तीही पावसाळ्यातच. आम्ही आजवर लेण्यांविषयी जे वाचले होते ते सगळे उन्हाळ्या-हिवाळ्यातले होते. पावसात ती कशी असतात हे आम्हालाही पाहायचे होते.

पाण्याच्या उलट दिशेने

पहाटे जीपने नदी ओलांडून आम्ही दौंड तालुक्यातील केडगाव स्टेशन गाठले. हे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव. तेथून पुण्यापर्यंत एक गाडी आणि पुण्याहून लोणावळा लोकल. पुण्यापासून पुढचे तिकीट अजूनही एका वडापावाच्या पैशात येते, हे ज्यांना सहल म्हणजे हजारो रुपये असे वाटते त्यांनी लक्षात घ्यावे.

गाडीत मुलांना आम्ही एक खेळ लावून दिला. आपण भीमेच्या काठून निघालो, आता पाण्याच्या उलट दिशेने चाललो आहोत, तर वाटेत कोणकोणते पाणी लागते ते सांगा. मांडवगणला जी भीमा येते ती एकटी नसते. ती भीमाशंकरला उगवते, तुळापूरला तिला इंद्रायणी मिळते, मग ती कोरेगावच्या पुलाखालून जाते, पुढे रांजणगाव सांडसला मुळा-मुठा तिच्यात येऊन पडते आणि मग ती आमच्या गावाला लागते. इंद्रायणीचा उगम लोणावळ्याजवळ कुरवंड्याचा. पवना लोहगडाच्या मागून येते, दापोडीला मुळेत मिसळते आणि मुळा-मुठेतून आमच्याकडेच येते. म्हणजे लोहगड-विसापूरच्या डोंगरावर पडलेला पाऊस अलीकडे उतरला काय किंवा पलीकडे, त्यातले जे पाणी नदीने पुढे जाते ते मांडवगणवरूनच जाते. आठवीतील एक मुलगा म्हणाला, "बाबा, म्हंजी आपण आपल्याच पाण्याच्या गावाला चाललोय." आम्हाला तरी याहून सोपे सांगता आले नसते.

देहूरोड स्टेशन आले तेव्हा सगळ्यांनी खिडकीतूनच हात जोडले. येथील विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतःच्या हातांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या दीक्षेच्या दोन वर्षे आधीची ही गोष्ट. परतीच्या वाटेवर तासभर वेळ असेल तर येथे जरूर उतरावे.

तळेगाव मागे पडेपर्यंत आभाळ नुसते भरलेले होते. कान्हे-कामशेतला पाऊस सुरू झाला, आणि असा की खिडक्यांची दारे खाली ओढावी लागली. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे पाण्याने भरलेली, बायका गुडघाभर चिखलात वाकून लावणी करीत होत्या. ज्वारी-बाजरी आणि उसाच्या मुलखातून आलेल्या आमच्या बायकांनी भाताची लावणी प्रथमच पाहिली. त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो कौतुकाचा नव्हता. "पाठ मोडत आसंल गं यांची." कामाची ओळख कामालाच पटते.

मुलांनी विचारले, इथे एवढा पाऊस आणि आपल्याकडे का नाही? समुद्रावरून नैऋत्येचे ओले वारे येतात, त्यांना सह्याद्री आडवा पडतो. वारे वर चढतात, वर थंड होतात आणि तेथेच आपले ओझे टाकतात. घाट ओलांडून पूर्वेला उतरेपर्यंत त्यांच्याजवळ फारसे उरत नाही. लोणावळ्याला वर्षात दीडशे इंचांच्या वर पाऊस, पुण्याला पंचवीस-तीस इंच आणि आमच्याकडे वीस-बावीस. अंतर म्हणाल तर दीडशे किलोमीटरच्या आतले. यात कोणाच्या पुण्याचा वा पापाचा संबंध नाही, डोंगराच्या अलीकडे-पलीकडे असण्याचा आहे. पाऊस पडावा म्हणून बेडकाचे लग्न लावणाऱ्यांना हा घाट एकदा दाखवून आणावा.

भाजे : पावसासाठी कोरलेली घरे

मळवली स्टेशनला उतरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव लागते. तेथून डोंगरात पायऱ्या चढून लेण्यांपर्यंत जाता येते. स्टेशनपासून लहान मुले आणि म्हातारी माणसे धरून पाऊण-एक तास लागतो. पायऱ्यांवरून पाणी वाहत होते. आत्या काठी टेकीत चढली, मधल्या एका वळणावर बसली, पुन्हा उठली. तिला कोणी "ऱ्हाऊ दे" म्हणाले तर ती ऐकायला तयार नव्हती.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून कोरायला सुरुवात झालेली, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. एकूण बावीस लेणी. मधोमध मोठे चैत्यगृह आहे. आत सत्तावीस अष्टकोनी खांब आणि ते सरळ उभे नाहीत, किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी घर बांधणारा सुतार भार पेलण्यासाठी खांब असे कलते ठेवतो. कोरणाऱ्यांनी तीच पद्धत दगडात उतरविली. छताला लाकडाच्या फासळ्या आहेत, त्यांपैकी काही मूळच्याच असल्याचे सांगतात. बाहेर पाऊस असा कोसळत होता की समोरचा डोंगर दिसेना, कमानीवरून पाण्याचे पडदे खाली येत होते, आणि आत, स्तूपापाशी, जमीन कोरडी. आम्ही एकवीस माणसे ओल्या कपड्यांनी त्या कोरड्या जागेत उभी राहिलो आणि मग कोणी न सांगता वंदना सुरू झाली. त्या दगडात आवाज कसा घुमतो ते लिहून सांगता येणार नाही.

वर्षावास म्हणजे काय, हे आम्ही दर आषाढी पौर्णिमेला ऐकतो. भिक्खू बारमाही चालत असत. पावसाळ्यातही ते चालतात, हिरवे गवत तुडवितात, पायाखाली किडामुंगी मरते, अशी लोकांनी तक्रार केली. पाखरेसुद्धा पावसाळ्यात घरटे धरून राहतात, मग या श्रमणांना एका जागी राहता येऊ नये काय? तथागतांनी ती तक्रार मानली आणि पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम घालून दिला. नियम वरून आला नाही, लोकांच्या बोलण्यातून आला, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. आणि त्या नियमाला घर लागते. ते घर भाज्याला पाहायला मिळते.

उन्हाळ्यात या लेण्यांत आलेला माणूस कोरीव काम पाहतो आणि जातो. पावसात आलेल्याला कळते की प्रत्येक गोष्टीला कारण आहे. खोल्या लहान, दारे अरुंद, कारण झड आत येता कामा नये. खोलीत दगडाचाच ओटा, जमिनीपासून उंच, कारण ओल वर चढू नये. बाहेर खडकात खोदलेली पाण्याची टाकी, शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. चार महिने पडलेला पाऊस त्यांत साठवायचा आणि उरलेले आठ महिने तो प्यायचा. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या बायकांनी त्या टाक्यांत वाकून पाहिले. एकीने विचारले, "एवढं त्या काळात जमलं, मग आता का जमंना?" या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी द्यायचे ते त्या दिवशी आमच्याबरोबर नव्हते.

आत्या एका खोलीत शिरली, ओट्यावर हात फिरविला आणि म्हणाली, "हितं निजायचे व्हय? उशाला बी दगूडच." मग थोडा वेळ बसली. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाली, "कोरडं हाय. ज्यानं केलं त्यानं इचार केला."

नांगऱ्याची बायको

ज्याने केले त्याने विचार केला, पण केले कोणी? ही लेणी राजांनी कोरून दिली असा आपला समज असतो. आमच्यात दहावीला बसलेली एक मुलगी होती. पुण्याच्या एका शिबिरात ती धम्मलिपी शिकून आलेली आहे. सहाव्या लेण्यात खोलीच्या दारावर एक लहान शिलालेख आहे. मोबाईलच्या उजेडात तिने एक एक अक्षर लावले आणि 'हालिक' या शब्दापाशी थांबली. हालिक म्हणजे हल चालविणारा, नांगऱ्या. त्या नांगऱ्याच्या बायकोने हे दान दिले, असे तो लेख सांगतो. तिचे नाव कोणी बाधा वाचतात, कोणी बोधी.

क्षणभर कोणीच काही बोलले नाही. मग आमच्यातील एक वहिनी, जिचे सारे आयुष्य दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेले, ती म्हणाली, "ताई, परत वाच." मुलीने पुन्हा वाचले.

याच डोंगरावर एका पोढीवर महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त या सरदाराचे नाव आहे. सरदाराने पाण्याचे टाके दिले, नांगऱ्याच्या बायकोने भिक्खूंच्या निवाऱ्याला हातभार लावला, दोघांची नावे एकाच खडकात राहिली. भाज्याची ही एकच बाई नव्हे. आमची लोकल ज्या घोरावाडी-शेलारवाडीच्या डोंगराजवळून आली, तेथील लेण्यातही असाच लेख आहे. धेनुकाकट गावचा नांगऱ्या कुटुंबिक उसभणक, त्याची बायको सिअगुतणिका, तिने आपला मुलगा नंद याच्यासह लेणे दान दिले. म्हणजे या एका इंद्रायणीच्या खोऱ्यात नांगर धरणाऱ्या दोन घरांतील दोन बायकांनी आपली नावे दगडात ठेवली आहेत.

ती बाई आपल्या जातीची होती की काय, असा प्रश्न एका तरुणाने विचारला. आम्ही त्याला सांगितले की बाबा, ते कोणालाही सांगता येणार नाही आणि तसा ओढूनताणून हक्क सांगण्याची गरजही नाही. ती कष्टाच्या घरातील होती, तिच्याजवळ द्यायला काही होते, ते तिने स्वतःच्या नावाने दिले, आणि संघाने ते कमी लेखले नाही. एवढे पुरे आहे. ज्या देशात पुढे शतकानुशतके कष्टकऱ्याच्या बायकोचे नाव कागदावरसुद्धा येत नव्हते, तेथे दोन हजार वर्षांपूर्वी ते खडकावर आले. सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावायला आजही जे का-कू करतात त्यांनी भाज्याला जाऊन यावे.

कार्ले : पावसाळ्यासाठी दिलेले गाव

भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी पायथ्याशी एका पडवीत खाऊन आम्ही टमटमने कार्ल्याला गेलो. मळवलीच्या दुसऱ्या अंगाला, इंद्रायणी ओलांडून हा डोंगर. लेण्यांच्या तोंडाशीच एकवीरा देवीचे मंदिर आहे. कोळी-आगरी समाजाचे लोक मोठ्या श्रद्धेने येतात, त्यामुळे गर्दी फार. मुलांचे हात सोडू नयेत.

कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे. लांबी सव्वाशे फुटांच्या आसपास, उंची पंचेचाळीस फुटांच्या आसपास. आत उभे राहिले की माणूस आपोआप हळू बोलतो. येथेही दात्यांची नावे जागोजागी आहेत. धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, त्याने दाराचे काम केले. सिंहदत्त नावाचा सुगंधी द्रव्ये विकणारा गंधिक, त्याचे दान. यवनांची, म्हणजे परदेशी मुळाच्या लोकांची, नावेही खांबांवर आहेत. कोकणातल्या बंदरांवरून माल घाट चढून देशावर येई, त्या वाटेवर ही लेणी आहेत. म्हणून व्यापारी, कारागीर, प्रवासी सगळ्यांचा हात त्यांना लागला.

पण आम्ही ज्यासाठी गेलो होतो तो लेख वेगळाच. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उसभदात याने करजिक नावाचे एक गाव येथील संघाला दिले. कार्ल्याचे जुने नाव वलूरक. त्या वलूरकाच्या लेण्यांत जे वर्षावास करतील, मग ते चारी दिशांकडील कोणीही असोत, त्यांच्या निर्वाहासाठी हे गाव आहे, असा त्या लेखाचा आशय. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी पावसाळ्यात येथे राहणाऱ्यांच्या अन्नाची सोय एका गावाने केलेली आहे, आणि आम्ही त्याच पावसात तो लेख पाहत उभे होतो. विहारात संध्याकाळी वाचन होते, कोणी भिक्खूंना भोजनदान देतो, चिवरदान देतो, ते नवे काही नाही. ती या डोंगरातली जुनी रीत आहे.

भिजणे आणि वाहून जाणे

वाचक विचारतील, मग धबधबा पाहिलाच नाही का? पाहिला. भाज्याच्या डोंगरावरून पांढरे शुभ्र पाणी उड्या घेत खाली येते, ते पाहून आनंद होणार नाही असा माणूस नाही. मुले भिजली, आम्हीही भिजलो. पण वरच्या कातळावर कोणी चढायचे नाही, आणि जेथे तळ दिसतो व पाणी घोट्याच्या वर नाही तेथेच उभे राहायचे, हा नियम घरूनच ठरला होता. तरुण मुलांनी तो पाळला आणि पहारा केला.

आपण नदीकाठचे लोक, म्हणून आपल्याला पाणी कळते असे वाटते. येथेच घात होतो. आमची भीमा चढते ती तासांनी चढते, धरणातून पाणी सोडल्याची आधी खबर येते. घाटातला ओढा मिनिटांत चढतो. वर पठारावर कातळ असतो, तो पाणी पीत नाही. तेथे मोठी सर आली की सगळे पाणी एकदम खाली येते, तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी येते. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पाने-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज वाढला, की चप्पल शोधत न बसता बाहेर पडावे. शेवाळलेल्या खडकावर पोहणाऱ्यालाही पाय रोवता येत नाही. जुन्या पुलावर घोळक्याने उभे राहू नये. सरकारी मनाईचा फलक लावलेला असेल तेथे 'आम्ही काय लहान आहोत' म्हणू नये. फोटो हा जिवंत माणसाचाच चांगला दिसतो.

आणखी एक गोष्ट लिहिणे भाग आहे. भाज्याला एकूण चौदा लहान स्तूपांचा एक समूह आहे, काही आत, काही उघड्यावर. काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. ती त्या वडीलधाऱ्या भिक्खूंची स्मारके. त्यांपैकी एकावर दोन तरुण चढून छायाचित्र काढीत होते. आमची मुले रागाने पुढे झाली, पण आत्याने त्यांना थांबविले आणि स्वतः गेली. "बाळांनो, उतरा. ही जुन्या मानसांची समाधी हाय." दोघेही मुकाट्याने उतरले. एकाने तर स्तूपाला हात लावून कपाळाला लावला. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आमच्या मुलांनी मग खाली पडलेल्या बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या एका पोत्यात भरल्या. जातेवेळी आम्ही नेलेले पोते रिकामे होते, येताना भरून आले.

जाणाऱ्यांसाठी

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. मळवलीला सर्व लोकल थांबतात, पण दुपारी गाड्या कमी असतात, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. भाजे आणि कार्ले दोन्ही पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, तिकीट लागते. स्लीपर नकोत, पकड असलेले बूट किंवा सँडल घालावेत. मुलांचा एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्यावा. लेण्यांत अंधार असतो, विजेरी हवी. लेखाच्या अक्षरांवर खडू, पाणी, हळद काही लावू नये. अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी सहल पुढे ढकलावी, लेणी दोन हजार वर्षे थांबली आहेत, आठ दिवस आणखी थांबतील.

शिरूर तालुक्याच्या उत्तरेकडील वाचकांना मावळ लांब पडत असेल तर जुन्नर जवळ आहे. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा या डोंगरांत मिळून शेकडो लेणी आहेत, आणि तेथे धान्य विकणाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या श्रेणींनी, म्हणजे संघटनांनी, दिलेली दाने नोंदलेली आहेत. कुकडीचे पाणी तेथूनच येते. टाकळी हाजी-निघोजचे रांजणखळगेही पाहण्यासारखे आहेत, मात्र ते पावसाळ्यात नव्हे, नदी उतरल्यावर हिवाळ्यात पाहावेत.

आमच्या सहलीनंतर एक फरक पडला तो सांगून थांबतो. विहारात आता रविवारी अर्धा तास धम्मलिपीचा वर्ग चालतो. शिकविणारी ती दहावीची मुलगी आणि शिकणाऱ्यांत खुरपणीला जाणाऱ्या चार वहिनी आहेत. देवनागरीत सही करायला ज्या कालपरवा शिकल्या, त्या आता फळ्यावर 'हालिक' लिहितात. पुढच्या वेळी लेख मुलीने नाही, आपणच वाचायचा, असे त्यांनी ठरविले आहे. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्याच्या आत प्रत्येक वस्तीने एक रविवार काढावा, एक रोज बुडाला तरी एकमेकांनी वाटून घ्यावा, आणि घरातील बायका-मुलींना प्रथम गाडीत बसवावे.